तुमचं इथे जे राहिलंय

“‘आठवणी’ हा शब्द काढ,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“काढू? अहो, तोच तर शब्द आहे!”

“काढ म्हटलं ना. आठवणी कोण जपतं? इथे श्वास घ्यायला फुरसत नसते कुणाला.”

पडद्यावर माझं वाक्य होतं : ‘तुमच्या आठवणी आम्ही जपून ठेवल्या आहेत.’ ते सुचायला मला अख्खी सकाळ लागली होती. आणि या बाई ट्रेमधली वापरलेली सुई काढून टाकावी, तसा त्यातला शब्द काढून टाकत होत्या.

“मग काय लिहू?”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. थोडा वेळ माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, “लिही, ‘तुमचं इथे जे राहिलंय, ते आम्ही जपून ठेवलंय.’”

मी टाइप केलं, वाचलं आणि मनातल्या मनात त्यांना सलाम ठोकला. ‘जे राहिलंय’! त्यात मैत्रिणी आल्या, डबे आले, ड्युटीतली हसणी-रडणी आली, कशाचंही नाव न घेता सगळं आलं. मेट्रनबाईंच्या अंगात लेखिका दडलीय, असं मी त्यांना म्हणालोसुद्धा.

“लेखक तू,” त्या म्हणाल्या. “मी आपली नर्स.”

ही दोन हजार सोळा सालची गोष्ट. जालन्यातल्या एका ऐंशी खाटांच्या हॉस्पिटलात मी एचआरचा माणूस म्हणून लागलो होतो. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, पाटीही आता बदललीय. एचआरचा माणूस म्हणजे साहेबही मी आणि कारकूनही मीच. खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि खुर्चीच्या पाठीमागे राखाडी रंगाचं लोखंडी कपाट. त्यात ‘जुनं रेकॉर्ड’ आहे, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. त्याला कायम कुलूप असायचं. त्याच्या डोक्यावर मी डबा ठेवायचो आणि हँडलला बॅग अडकवायचो.

मालक डॉ. रत्नपारखी. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. गोड बोलणारे, हात हलका असलेले सर्जन. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी माझी एमबीएची मार्कशीट दोन्ही बाजूंनी न्याहाळली, “व्हेरिफिकेशनला असू दे इथे,” म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मला स्वतःबरोबर चहा पाजला. मालकाने चहा पाजला म्हणून मी आठवडाभर हवेत होतो. वय पंचवीस, पहिली नोकरी, आणि आपल्याला लिहिता येतं याची भलतीच घमेंड. कॉलेजच्या अंकात माझे दोन लेख आले होते, ते मी अजून पाकिटात बाळगत होतो.

मेट्रनबाई म्हणजे सौ. ई. भालेराव. दारावरच्या पाटीवर तेवढंच होतं, आणि तेवढंही कुणी वाचत नसे. पांढरी साडी, बारीक चण, आवाज असा की शेवटच्या वॉर्डातला पेशंटही अंथरुणात नीट झोपायचा. बावीस वर्षं त्या तिथे होत्या. मला त्या ‘टाकळकर’ म्हणायच्या आणि चिडवायच्या मूडमध्ये असल्या की ‘लेखक’.

झालं असं, की सरांनी नवा आयसीयू बांधला आणि सिस्टर मिळेनात. महिन्याभरात दहा तरी पाहिजेत, नाहीतर तो उघडायचा कसा? “तू दहा आणल्यास की तुझं प्रोबेशन संपलं,” सर म्हणाले. मी तडफेने इंग्रजीत ई-मेल लिहिला, डिअर कँडिडेट, ग्रीटिंग्ज ऑफ द डे, वगैरे वगैरे, आणि नोकरीच्या साइटवरून तीनशे जणींना धाडला. दोन उत्तरं आली. एक विमा एजंटाचं, दुसरं युनिफॉर्म शिवून देणाऱ्याचं.

तेव्हा मी सरळ मेट्रनबाईंकडे गेलो. “बाई, इथून गेलेल्या जुन्या सिस्टरना लिहिलं तर? त्यांना काम माहीत आहे, गाव माहीत आहे. मराठीत लिहितो, मनापासून.”

त्या औषधांची यादी तपासत होत्या. हातातलं पेन थांबलं. मला वाटलं, कल्पना फसली.

“लिही,” त्या म्हणाल्या. “पाठवायच्या आधी मला वाचून दाखव.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जुनं रजिस्टर आणून माझ्या टेबलावर ठेवलं. बायोडाटांवर ई-मेलचे पत्ते होते, मागच्या सात-आठ वर्षांतल्या चौतीस जणींचे. मग ‘आठवणीं’वरून आमचा तो वाद झाला आणि वाद संपल्यावर त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या.

“नाव रजिस्टरवर आहे तेच घाल. माहेरचं.”

“पण बहुतेकींची लग्नं झाली असतील ना? सासरचं नाव शोधून घातलं तर बरं दिसेल.”

“माहेरचं,” त्या म्हणाल्या. “आणि शनिवारी अकराला बोलव. सगळ्यांना एकदमच.”

“शनिवारी सर ऑपरेशनला असतात, बाई.”

“असू देत की. माणसं बघायला मी आहे.”

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मीच माझ्यातर्फे एक परिच्छेद जोडला आणि मोठ्या झोकात त्यांना वाचून दाखवला : ‘आमच्या मेट्रनबाई बावीस वर्षं इथे आहेत. या काळात शहरात कितीतरी नवी हॉस्पिटलं आली. पण त्यांना एकदाही इथून जावंसं वाटलं नाही. यातच सगळं आलं.’

मेट्रनबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. “हे तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? दिसतंच की.”

“हां,” त्या म्हणाल्या. “दिसतं खरं.” आणि राउंडला निघून गेल्या.

सरांना मसुदा दाखवला, तेव्हा ते ‘जे राहिलंय’पाशी थांबले. पुन्हा वाचलं आणि मोठ्यांदा हसले. “अरे, तू तर मला वाटलं त्यापेक्षा हुशार निघालास!” पाठीवर थाप पडली. वाङ्मयाची जाण असलेला सर्जन मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मेल पाठवला आणि तासाभरात पहिलं उत्तर आलं. ‘येते.’ एवढंच. मग दुसरं. ‘नक्की ना सर?’ मग, ‘खरंच जपून ठेवलंय? मी शनिवारी दहालाच येऊन बसते.’ एकीने लिहिलं होतं, ‘तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही.’ चार दिवसांत अकरा जणींनी येतो म्हणून कळवलं. मी ती उत्तरं पुन्हा पुन्हा उघडून वाचली. एका वाक्याने माणसं रडवता येतात, हे मला त्या आठवड्यात कळलं, असं मी मित्रांना सांगत सुटलो. मित्रांनी माझ्याकडे कचोरी मागितली, मी दिली.

शनिवारी ओपीडीशेजारच्या हॉलमध्ये मी खुर्च्या मांडल्या, फळ्यावर रंगीत खडूने ‘स्वागत’ लिहिलं. अकराच्या आधीच अकराही जणी हजर. कुणी नवऱ्याबरोबर, कुणी कडेवर पोर घेऊन, एक तर भोकरदनहून पहाटेची एसटी धरून आलेली. मेट्रनबाईंना पाहून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. गळाभेट नाही, हसणं नाही. मला ते जरा विचित्र वाटलं. आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं, बटणाचं, पारदर्शक. आणि सगळी फोल्डरं रिकामी होती.

बायोडाटा आणायला विसरल्या, असं मी धरून चाललो.

पहिली पुढे आली ती तिशीतली, सावळी, अंगाने किडकिडीत. बरोबर धोतर-टोपीतले म्हातारे गृहस्थ.

“नाव?”

“स्नेहल,” ती म्हणाली आणि गडबडीने दुरुस्ती केली, “म्हणजे मंगल. गवळी मंगल सोपान.”

“लग्नात नाव बदललं ना सायेब,” म्हातारबुवांनी खुलासा केला. “मी सासरा हिचा. आमच्याकडं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिवतेत. तव्हापासून स्नेहल. मेल माझ्याच मोबाइलवर बघते ती. पोरानं वाचून दाखवला, ‘प्रिय मंगल.’ म्हणलं, ही मंगल कोण बा? आन् इकडं सून चुलीपुढं बसून रडायली.”

मला भरून आलं. माझंच वाक्य, माझीच किमया. मी शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, “मग मंगलताई, परत कधीपासून रुजू होता येईल?”

ती माझ्याकडे बघतच राहिली.

“रुजू? मी कागद न्यायला आलेय, सर.”

“कसले कागद?”

“माझे ओरिजिनल. बारावी, जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. तुम्हीच बोलावलंत ना?” तिने सासऱ्यांच्या हातातला मोबाइल घेतला, बोटाने वर सरकवत नेला आणि वाचलं, “‘तुमचं इथे जे राहिलंय, ते आम्ही जपून ठेवलंय.’ खाली सही तुमचीच आहे. प्रसन्ना टाकळकर.”

“अहो, ते...” मी म्हणालो. “ते आपलं भावना म्हणून लिहिलं होतं.”

“भावना?” मागच्या खुर्चीवरून एक उंच बाई उठली. ही शबाना शेख, पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेली. “माझे तीन कागद राहिलेत इथं. भावना काही राहिली नाही.”

कुणी हसलं नाही. मी एकेकीकडे पाहत गेलो. अकरा चेहरे, अकरा रिकामी फोल्डरं. मी फळ्याला टेकलो, आणि ‘स्वागत’मधला ‘त’ माझ्या शर्टाच्या पाठीला लागला.

मग हळूहळू उलगडा झाला. लागताना प्रत्येकीकडून ओरिजिनल जमा करून घेतले होते. सोडताना मिळाले नव्हते. “आज या, उद्या या, सर बाहेरगावी आहेत,” असं करत करत वर्षं गेली. कागद नाहीत म्हणून दुसरीकडे नोकरी नाही. शबाना एका दवाखान्यात केसपेपर फाडायच्या कामाला होती. एकीने ब्यूटी पार्लर टाकलं होतं, भोकरदनची कापूस वेचायला जात होती.

“डुप्लिकेट का नाही काढलेत?” मी विचारलं. माझ्या आवाजात काही दम नव्हता.

“त्याला हरवल्याची तक्रार द्यावी लागते,” मंगल म्हणाली. “कुठं हरवलेत? इथंच आहेत की. खोटं लिहून द्यायचं कामून?” मग तिचा आवाज एकदम चिरकला. “सर, जिल्हा परिषदेच्या यादीत माझं नाव लागलंय. स्टाफ नर्स. परवा सोमवारी दहाला कागद तपासायला बोलावलंय. ओरिजिनल दाखवले नाहीत तर खालचीला जागा देतात. वय बसतंय ते या भरतीपुरतं. मी तीनदा येऊन गेले इथं, वॉचमननं गेटच्या आत घेतलं नाही. तुमचा मेल आला, तव्हा वाटलं, देवानंच लिहिलाय. ‘प्रिय मंगल.’ त्या नावानं आता मला फक्त कागदच ओळखतेत.”

मी मेट्रनबाईंकडे वळलो. “बाई, हे खरं आहे? कुठे आहेत कागद?”

“तुझ्या पाठीमागे.”

मी खरोखरच वळून पाहिलं. मागे फळा होता.

“इथे नाही,” त्या म्हणाल्या. “तुझ्या खोलीत. ज्याच्यावर रोज डबा ठेवतोस.”

असा धक्का मला त्याआधी कधी बसला नव्हता, त्यानंतरही एकदाच बसला, आणि तो त्याच दिवशी, दीड तासाने. सात महिने मी त्या कपाटाला पाठ लावून बसलो होतो. ते पत्रसुद्धा तिथेच बसून लिहिलं होतं.

हॉलमधला आवाज वाढला तशी ओपीडीतली माणसं दारात गोळा झाली. कुणीतरी आत निरोप दिला असावा. सर हिरव्या कपड्यांतच आले, डोक्याला टोपी, मास्क गळ्यात. दोन ऑपरेशनांच्या मधली वेळ होती. ते अजिबात चिडले नाहीत. हसत हसत हात जोडले.

“अरे वा, सगळ्या माहेरवाशिणी आल्या! कागदांची काळजी कशाला करता? सगळं जिथल्या तिथे आहे. तुम्ही रुजू व्हा. नवा आयसीयू आहे, एसी आहे. वर्षभर काम करा, आणि वर्षाने या हाताने कागद परत.”

“सर, माझं सोमवारी...” मंगल पुढे झाली.

“बघू ना. आधी फॉर्म तर भर.”

मला त्यांनी बाजूला घेतलं. ऑपरेशनच्या कपड्यांना खिसा असतो, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी त्यातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. किल्ली अंगाच्या उबेने गरम होती.

“एकेकीला आत ने. कागद दाखव, हातात देऊ नकोस. डोळ्यांना दिसला की माणूस जागचा हलत नाही. मग फॉर्मवर सही घे. काय लिहिलंस रे, ‘तुमचं इथे जे राहिलंय’! अकराच्या अकरा आणल्यास. आजपासून तू कन्फर्म.”

तेव्हा मला त्यांच्या त्या दिवशीच्या हसण्याचा अर्थ कळला. त्यांना वाटलं होतं, गळ मी जाणूनबुजून टाकलाय.

“मला आता दोन तास लागतील,” म्हणून सर आत गेले. ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा लागला.

खोटं कशाला सांगू? क्षणभर माझ्या मनात आलं, की फॉर्म भरून घ्यावेत, सरांना नंतर समजवावं, मंगलचं तेवढं काहीतरी करावं. कन्फर्म हा शब्द कानात होताच. मी मंगलला आणि तिच्या सासऱ्यांना माझ्या खोलीत घेऊन गेलो, डबा खाली उतरवला, बॅग काढली आणि कुलूप उघडलं.

आत कप्प्याकप्प्याने फायली होत्या. पुठ्ठ्याच्या, प्लास्टिकच्या, नाडी बांधलेल्या. डांबरगोळ्यांचा वास आला. प्रत्येक फायलीवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. जपून ठेवलं होतं, त्यात शंकाच नाही. माझ्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता.

‘गवळी मंगल सोपान’ सापडली. मी फाइल उघडून तिच्यासमोर धरली. तिने दोन्ही हात पुढे केले.

“द्यायची नाहीये,” मी पुटपुटलो. “दाखवायला सांगितलीय नुसती.”

“नका देऊ,” ती म्हणाली. “हात लावू द्या नुसता.”

सासरे डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभे होते. देवळात उभं राहावं तसे. मी फाइल तिच्या हातावर ठेवली. तिने रजिस्ट्रेशनच्या कागदावरचं आपलं नाव बोटाने चाचपलं, जोरात श्वास घेतला. मला दाखवायला सांगितलं होतं, मी दाखवलं. परत घ्यायचं मात्र माझ्याने झालं नाही.

“ठेवा फोल्डरमध्ये,” मी म्हणालो. “आणि निघा. लगेच निघा.”

सोमवारी दुपारी मला तिचा मेल आला. एकच शब्द होता, ‘झालं.’ खाली नाव, मंगल. माझ्या आयुष्यात मला आलेलं सगळ्यात चांगलं पत्र ते. पण त्या शनिवारी, त्या घटकेला, ती सासऱ्यांचा हात धरून जवळजवळ पळतच जिना उतरली, एवढंच मी पाहिलं. पुढे काय करायचं ते कळत नव्हतं.

“थांबलास का?” दारात मेट्रनबाई होत्या. त्यांच्या मागे बाकीच्या दहा जणी. “नावं वाच. मोठ्याने वाच, हजेरी घेतल्यासारखी.”

मी एक फाइल ओढली. “शेख शबाना मेहबूब.”

“हजर,” शबाना म्हणाली. नर्सिंगच्या शाळेत म्हणत असतील तसंच, पाय जुळवून. फाइल घेताना तिचा इतका वेळ कडक असलेला चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला, आणि ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

मी वाचत गेलो. आलेल्या हजर म्हणत होत्या, हात पुढे करत होत्या. न आलेल्यांची नावं आली की मेट्रनबाई सांगत. “गैरहजर. पुण्यात असते, मी कळवते.” “गैरहजर. गरोदर आहे, भाऊ येईल न्यायला.” एकाही नावाला त्या अडखळल्या नाहीत. माहेरची सगळी नावं त्यांना पाठ होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. शब्द कुणाचा, नाव माहेरचं घालायला कुणी सांगितलं, शनिवार कुणी निवडला.

“बाई,” मी म्हणालो, “तुम्हाला हे माहीत होतं.”

“किल्ली सरांच्या खिशाबाहेर कधी येत नाही. कागद दाखवायचे म्हटल्यावर येईल, असं वाटलं होतं. आली.”

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर इतकं गोड लिहिलं असतंस?” त्या म्हणाल्या. “वाच पुढे. वेळ चाललाय.”

शेवटी तळाच्या कप्प्यात एकच फाइल उरली. जुनी, तपकिरी पुठ्ठ्याची, नाडी विटून पांढरी पडलेली. धूळ झटकून मी नाव वाचलं.

“लोंढे एस्तेर यशवंत.”

कुणीच बोललं नाही. मी मेट्रनबाईंच्या ‘गैरहजर’ची वाट पाहिली. तेही आलं नाही. नाडी सोडली. नर्सिंगचा डिप्लोमा, सन एकोणीसशे त्र्याण्णव. कोपऱ्यात फोटो, दोन वेण्या, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, नजर सरळ. कुठेतरी पाहिलेली मुलगी.

“लोंढे एस्तेर यशवंत,” मी पुन्हा वाचलं.

“हजर,” मेट्रनबाई म्हणाल्या.

दहाही जणींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं. शबानाने तर तोंडावर हात दाबला. बाई पुढे आल्या, दोन्ही हातांनी फाइल घेतली, त्यातल्या मुलीकडे थोडा वेळ पाहिलं.

“शहाण्णव साली सिव्हिल हॉस्पिटलच्या नोकरीची ऑर्डर आली होती मला,” त्या म्हणाल्या. राउंडला पेशंटचं टेम्परेचर सांगावं तशा आवाजात. “सर म्हणाले, वर्षाने देतो.”

‘त्यांना एकदाही इथून जावंसं वाटलं नाही. यातच सगळं आलं.’ माझं वाक्य माझ्याच कानात मोठ्याने वाजलं. मी ते चौतीस जणींना पाठवलं होतं. त्याआधी यांना वाचून दाखवलं होतं, समोर उभं करून, झोकात. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

“आता कुठे जाणार तुम्ही, बाई?”

“कुठे ते नंतर बघेन. आधी जाता येतं का, ते बघते.”

मी कपाटाचं दार लावायला गेलो. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

“लावू नकोस,” त्या म्हणाल्या. “वरचा कप्पा राहिलाय.”

“वर नवीन दिसतायत सगळ्या. आत्ताच्या स्टाफच्या असतील.”

“आत्ताच्याच.”

त्यांनी आपली फाइल काखेत धरली, टाचा उंचावल्या आणि वरच्या कप्प्यातली अगदी कडेची फाइल काढली. कोरी करकरीत, निळी. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“टाकळकर प्रसन्ना दिगंबर.”

माझी एमबीएची मार्कशीट. सरांनी दोन्ही बाजूंनी न्याहाळलेली. सात महिने झाले होते, आणि ती परत मागायचं मला एकदासुद्धा सुचलं नव्हतं. मालकाने चहा पाजला होता ना.

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी नुसताच हात पुढे केला.

“टाकळकर प्रसन्ना दिगंबर,” त्यांनी पुन्हा वाचलं, त्याच हजेरीच्या आवाजात.

“हजर,” मी म्हणालो.